अडकलंय ते कानात नाही, फिरकीत: लहान मुलाचं कानातलं सुखरूप कसं सोडवायचं

माझी भाची तेव्हा साडेतीन वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं एक छोटं ऑपरेशन होतं आणि दवाखान्यातून सांगितलं होतं की अंगावर धातूचं काही नको, कानातलंसुद्धा काढून आणा. डाव्या कानातलं दोन मिनिटांत निघालं. उजव्याची फिरकी काही केल्या येईना. बहीण मागून फिरवतेय, मी पोरीला मांडीवर धरून बसलेय, असं वीस मिनिटं चाललं. गंमत म्हणजे फिरकी छान फिरत होती. फक्त बाहेर येत नव्हती. मग माझं लक्ष पुढच्या खड्याकडे गेलं. फिरकीबरोबर तोही गरागरा फिरत होता. म्हणजे आम्ही फिरकी सोडवतच नव्हतो, अख्खं कानातलं पाळीतल्या पाळीत फिरवत होतो. पोरगी रडत होती ती उगाच नाही.

ऑपरेशन, एमआरआय, शाळेतले खेळ, कानाला आलेली सूज. निमित्त काहीही असो, ही वेळ बऱ्याच घरांत कधी ना कधी येते, आणि बहुतेक वेळा रात्री येते. तेव्हा सुचतं ते एकच: अजून थोडा जोर लावू. घोळ तिथेच होतो. जोर किती लावला यापेक्षा तो कशावर लावला हे महत्त्वाचं असतं.

तीन भाग आणि एक भोक

साध्या टॉप्सचे तीन भाग असतात. पुढे दिसणारा खडा किंवा फूल, त्याच्या पाठीला जोडलेली बारीक दांडी, आणि दांडीवर मागून बसणारी फिरकी. फिरकीचे मुख्य प्रकार दोन. एक आट्यांची: बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. दुसरी दाबाची: दांडीवर नुसती सरकवायची, आतल्या दोन वळलेल्या पात्या दांडीला चिमटीत धरतात. लहान मुलांना आट्यांची घालायची पद्धत आहे, कारण ती सहजी पडत नाही. सहजी पडत नाही म्हणूनच सहजी निघतही नाही.

आता कान. खालचा मऊ भाग म्हणजे पाळी. तिच्यात कुर्चा नसते. कुर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागाला आकार देणारं कोवळं हाड. पाळीत असते चरबी, तंतू आणि भरपूर रक्तवाहिन्या. त्यामुळे ती पटकन सुजते, आणि पटकन भरूनही येते.

आणि भोक? ते नुसतं छिद्र नसतं. कान टोचल्यावर दोन्ही बाजूंची त्वचा हळूहळू आत वाढत जाते आणि त्या वाटेला अस्तर लागतं, जणू कातडीची एक बारीक नळी तयार होते. पाळीत याला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर ते भोक नाही, जखम आहे. जुन्या भोकातलं अडकलेलं कानातलं आणि महिन्याभरापूर्वी टोचलेल्या कानातलं अडकलेलं कानातलं या दोन गोष्टी म्हणूनच वेगळ्या.

‘अडकलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

आपण तिन्ही प्रकारांना एकच शब्द वापरतो. पण प्रकार तीन आहेत आणि तिघांचे उपाय अगदी निराळे.

पहिला: धातू धातूला अडकलाय. कान ठणठणीत आहे, पण आट्यांत मळ, साबण, खपली किंवा केस जाऊन फिरकी जाम झाली आहे. घरात होणारे बरेचसे प्रसंग या जातीचे.

दुसरा: पाळी सुजली आहे. दांडीची लांबी तेवढीच, मधलं मांस मात्र फुगलंय. सुजलेल्या बोटात अंगठी घट्ट होते तसं.

तिसरा: कातडी वर चढली आहे. खडा किंवा फिरकी पाळीच्या आत गेली आहे आणि एका बाजूने दिसतच नाही. झाडाच्या खोडाला बांधलेली तार कधी पाहिली आहे? कुणीतरी घट्ट बांधून विसरून जातं आणि काही वर्षांनी साल तारेवरून चढलेली असते, तार खोडाच्या पोटात. पाळीत हेच घडतं, फक्त वर्षं लागत नाहीत. फिरकी घट्ट बसली की तिच्याखालच्या त्वचेचं रक्त अडतं. नख दाबल्यावर पांढरं पडतं, तसंच. दाब दिवसरात्र राहिला की ती त्वचा झिजते, खळगा पडतो, फिरकी त्यात रुतते आणि कडेची नवी त्वचा तिच्यावर पांघरूण घालते.

पहिला प्रकार घरी सुटतो. दुसरा कधी सुटतो, कधी नाही. तिसऱ्याला घरी हात लावायचा नाही.

आधी बघा

हात साबणाने धुवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि पाळी पुढून, मागून, खालून नीट बघा. अजून काही फिरवायचं नाही.

खडा पूर्ण दिसतोय का? फिरकी पूर्ण दिसतेय का, की तिची एक कड त्वचेखाली गेली आहे? खडा अगदी हलक्या हाताने पुढे घेतला तर कानातलं केसभर तरी पुढेमागे सरकतंय का? सरकत असेल तर भोक मोकळं आहे, अडचण फक्त धातूत आहे. पाळी लाल, गरम, टणक लागतेय का? पू येतोय का? ताप आहे का? कान टोचून किती दिवस झाले?

दोन्ही कान शेजारी ठेवून बघितलेत तर लवकर कळतं. निरोगी कान हाच आपला नमुना. दोन्ही पाळ्यांच्या जाडीत डोळ्यांना दिसेल इतका फरक असेल, तर प्रकरण पहिल्या प्रकारातलं नाही.

एक दुय्यम वाटणारी गोष्ट. पू आणि लस यांत फरक असतो. नव्या टोचलेल्या कानातून थोडी पांढुरकी, पातळ लस येते आणि वाळून तिची खपली होते. ते बरं होण्याचंच लक्षण. घट्ट, पिवळा-हिरवट, वास येणारा तो पू.

फिरकी जाम झाली असेल तर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरं काम हेच आणि बहुतेकांची चूकही इथेच होते.

सगळ्याच्या मुळाशी एक साधा नियम आहे: जोर खडा आणि फिरकी यांच्यामध्ये लावायचा, कानावर नाही. बाटलीचं झाकण उघडताना एका हाताने बाटली धरतो ना? धरली नाही तर झाकणाबरोबर बाटलीच फिरते. इथे बाटली म्हणजे पुढचा खडा. तो घट्ट धरलेला असेल तरच मागचे आटे सुटतील. नुसती फिरकी फिरवली, तर दांडी भोकात फिरते, खपल्या आतल्या त्वचेला घासतात आणि सूज येते. मग पहिल्या प्रकाराचा दुसरा प्रकार आपणच करून ठेवतो.

दुसरी मेख दिशेची. आटे सुटतात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, पण फिरकीकडे तोंड करून बघितलं तरच. आपण मुलाच्या समोर बसतो आणि बोटं कानामागे घालून चाचपडत फिरवतो, तेव्हा दिशा उलटी होते. पुढून बघणाऱ्याला तीच फिरवणी काट्यांच्या दिशेने दिसते. विश्वास बसत नसेल तर एखादी झाकणाची बाटली घ्या, झाकण आपल्यापासून लांब आणि बूड आपल्याकडे ठेवा, आणि उघडून बघा. हात क्षणभर गोंधळतो. समोर बसून फिरकी ‘सोडवणारी’ कितीतरी माणसं ती प्रत्यक्षात आवळत असतात. म्हणून मुलाच्या मागे बसा किंवा पाळी हलकेच पुढे दुमडून फिरकी डोळ्यांसमोर आणा. आणि हो, डाव्या-उजव्या कानाचे आटे वेगळे नसतात. दोन्हीकडे एकच दिशा.

आता क्रमाने. मऊ स्वच्छ कापड किंवा गॉज कोमट सलाइनमध्ये भिजवून पाळीवर पाचदहा मिनिटं धरा. सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, लिटरला ९ ग्रॅम मीठ. औषधाच्या दुकानात तयार मिळतं. वाळलेली खपली सँडपेपरसारखी असते, ती भिजून मऊ पडू द्या. सुटलेली घाण कापसाच्या काडीने टिपा, कोरून काढू नका. आट्यांत केस गुंतलेला दिसला तर चिमट्याने वेढे उलगडा. ओढून तोडलात तर तुटका केस आटे आणखी जाम करतो.

मग फिरकी आणि दांडी जिथे भेटतात तिथे पाण्यात विरघळणाऱ्या वंगण-जेलीचा एक थेंब. तेलही चालतं, पण तेलाची एक खोड आहे, त्यावर पुढे बोलू. थेंब मुरू द्या, मग खडा आणि फिरकी बाहेरून कोरडी पुसा. वंगण आट्यांत हवं, बोटांवर नको.

पकड घट्ट यायला रबरी हातमोजे घाला. साध्या बोटांनी घसरणारी फिरकी रबराच्या मोज्यात कशी बसते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. एका हाताच्या अंगठा-तर्जनीत खडा कडेने धरायचा, दुसऱ्यात फिरकी. खडा अजिबात हलू द्यायचा नाही. एकदम फिरवायचं नाही. पाव फेरा सोडवायच्या दिशेने, किंचित परत, पुन्हा पाव फेरा. गंजलेला नट सोडवणारे असंच करतात, त्याने आट्यांतला मळ मोकळा होतो.

आणि सगळा वेळ नजर पाळीवर. पाळी ताणली जातेय, पिळली जातेय असं दिसलं, तर तुमचा जोर चुकीच्या जागी चाललाय. थांबा, पकड बदला. पाळी शांत आहे आणि फिरकी फिरतेय, हे दृश्य हवं.

कधी फिरकी फिरतच राहते, खडाही नीट धरलाय, तरी पुढे सरकत नाही. म्हणजे आटे झिजलेत. अशा वेळी फिरवता फिरवता फिरकीला दांडीच्या रेषेत मागे हलकं ओढा, खडा जागेवर धरून. तरी नाही सुटली तर दांडी कापावी लागते आणि ते काम डॉक्टरांचं. सोनाराकडे कापायचं हत्यार असतं हे खरं. मोठ्या माणसाच्या शांत, निरोगी कानावर ते चालेलही. धडपडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाच्या कानाशी मी ते नेऊ देणार नाही.

दाबाच्या फिरकीला यातलं अर्धंच लागतं: खडा धरायचा, फिरकी डावी-उजवी हलकेच डुलवत सरळ मागे घ्यायची. कान टोचताना यंत्राने बसवलेल्या टॉप्सच्या दांडीला टोकाजवळ एक खाच असते, तिथे फिरकी अडते. ती जागा ओलांडताना टक् असा छोटा झटका जाणवतो, घाबरू नका. बाळीला फिरकीच नसते. तिचा सांधा किंवा कडी शोधायची, दोन्ही बाजू धरून उघडायची, आणि बाळी तिच्या गोलाईतूनच फिरवत बाहेर घ्यायची, सरळ ओढायची नाही.

मूल कसं धरायचं?

दोन मोठी माणसं हवीत. एकाचं काम फक्त धरणं. बाळ असेल तर हात आत घेऊन मोठ्या टॉवेलात गुंडाळा. मोठं मूल मांडीवर आडवं बसवा, एक कान छातीला टेकलेला, आपला हात कपाळावर. खाली फिक्या रंगाचा टॉवेल अंथरा, पडलेली फिरकी लगेच दिसते. कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा नुसता टेकवून ठेवा, आत कोंबू नका. मूल कुशीवर असताना सुटलेली फिरकी थेट कानाच्या नळीत जाऊ शकते, आणि एक भानगड मिटवताना दुसरी उभी राहते. गेलीच आत, तर चिमट्याने शोधायला जाऊ नका, ती आणखी आत ढकलली जाते.

‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगू नका. पहिल्याच ओढीला ते खोटं पडतं आणि मग पुढची दहा मिनिटं तुमची नसतात. ‘थोडं ओढल्यासारखं वाटेल, तू थांब म्हटलंस की मी थांबेन,’ असं सांगा आणि म्हटल्यावर खरंच थांबा. माझ्या भाचीने पहिल्या मिनिटात चार वेळा ‘थांब’ म्हणून आम्हाला तपासून घेतलं. पाचव्यांदा म्हटलं नाही.

घड्याळ लावा. दहा मिनिटं किंवा तीन प्रयत्न, जे आधी संपेल ते. रक्त आलं, सूज वाढली, मूल आवरेना, तर त्याआधीच थांबा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न सुजलेला कान घेऊन जाणं, हा रात्रभर झगडून लालबुंद केलेला कान घेऊन जाण्यापेक्षा केव्हाही चांगला सौदा.

पाळी सुजली असेल तर

सूज थोडी आहे, दोन्ही बाजू दिसताहेत, पू नाही, ताप नाही. तर कापडात गुंडाळलेला बर्फ एकेक मिनिट लावत, मध्ये उसंत देत पाच मिनिटं शेका. बर्फ थेट त्वचेला नको, लहान मुलाची त्वचा लगेच पोळते. मूल उशीला टेकून, डोकं वर ठेवून बसलेलं असू द्या. सूज थोडी उतरली की वरच्याच रीतीने प्रयत्न करा.

दांडीवर मागे जागा शिल्लक असेल, तर पूर्ण काढण्याच्या आधी फिरकी नुसती एखादा मिलिमीटर मागे घ्या. एवढ्यानेही पाळीवरचा दाब हटतो, रक्त वाहू लागतं आणि पुढचं काम सोपं होतं. फिरकी दांडीच्या टोकालाच असेल आणि तरी पाळी दोन्हीकडून चेपली जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थांबलात तर तिसऱ्या प्रकाराकडे जाणारी वाट हीच.

दुखत असेल तर डॉक्टरांनी मुलाच्या वजनावरून ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन १६ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायचं नाही.

कातडी वर चढली असेल तर

खडा किंवा फिरकी एका बाजूने दिसत नाही, त्या जागी नुसती गाठ, खळगा किंवा लसलसणारं छिद्र आहे. इथे घरचे सगळे उपाय संपतात. पुढून ढकललं तर फिरकी आणखी रुतते. मागून ओढलं तर खडा पाळी फाडत येतो.

डॉक्टर काय करतात हे माहीत असलं की भीती अर्धी होते. पाळीची संवेदना प्रामुख्याने मानेतून वर येणारी एक नस नेते. तिथे किंवा पाळीतच इंजेक्शन देऊन ती जागा बधिर करतात. रुतलेला भाग चिमट्याने धरता येईल एवढं छिद्र मोकळं करतात, लागल्यास बारीक छेद घेतात, शक्यतो कानामागून, म्हणजे व्रण पुढे दिसत नाही. दोन्ही भाग धरून वेगळे करतात आणि जखम धुतात. संसर्ग झालेली असली जखम अनेकदा न शिवताच भरू देतात. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का ते विचारतात. फार लहान किंवा फार घाबरलेल्या मुलाला गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं. काम छोटंच, पण बधिर केलेल्या कानावर आणि बधिर न केलेल्या कानावर ते करण्यात जमीन-अस्मानाचा फरक.

ताप असेल, लाली गालाकडे किंवा कानामागे पसरत असेल, मूल मलूल असेल, तर सकाळची वाट बघू नका.

वरचा कान वेगळा

कानाच्या वरच्या, कडक भागात टोचलेलं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. कुर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते तिच्यावरच्या पातळ आवरणातून. तिथे संसर्ग झाला तर औषध पोचायला वेळ लागतो, पू आवरण आणि कुर्चा यांच्यामध्ये साचतो, कुर्चा मरते आणि कान कायमचा आक्रसू शकतो. तिथली जखम भरायलाही अनेक महिने, कधी वर्षभर लागतं. वरच्या कानात लाली आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. तिथे वाट बघणं महागात पडतं.

तेल घातलं तर निघतं म्हणतात…

निघतं, कधी कधी. पण तेल आटे आणि बोटं यांत भेदभाव करत नाही. आटे सैल होतात तशी पकडही सुटते, आणि सुटलेल्या पकडीची भरपाई आपण जोराने करतो. तेल वापरायचंच तर एक थेंब, आणि नंतर खडा-फिरकी कोरडी पुसून. ताज्या किंवा चिघळलेल्या भोकात मात्र तेल नको. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. दोन्ही चुरचुरतात, आणि भरत आलेल्या नाजूक त्वचेलाच इजा करतात.

झोपेत काढावं का?

मोह होतो, आणि सहज फिरणारी फिरकी झोपेत काढणारे आईबाप बरेच आहेत. अडकलेल्या फिरकीसाठी मी ते करणार नाही. मूल दचकून मान झटकतं तेव्हा तुमच्या दोन्ही चिमटीत कानातलं घट्ट धरलेलं असतं. पाळी फाटायला तेवढा एक झटका पुरतो. शिवाय अंधारात, अवघडून, आवाज न करता काम करायचं म्हणजे पकड आणि नजर दोन्हींवर पाणी सोडायचं.

पक्कड?

नको. पक्कड धातूला धरते तशी त्वचेलाही चिमटते आणि तुम्हाला ते हाताला कळत नाही. बारीक दांडी वाकते, मग ती सरळ भोकातून येतच नाही.

संसर्ग दिसतोय, मग आधी काढूनच टाकू का?

हे ऐकायला सरळ वाटतं, पण इथे थोडं थांबायला हवं. टोचलेली जागा चिघळली असेल तर ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस सांगते की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दागिना काढू नका. कारण असं की दांडी भोक उघडं ठेवते, त्यातून पू बाहेर येत राहतो. दांडी काढली, भोकाची दोन्ही तोंडं मिटली, तर पू आत कोंडून गळू होऊ शकतं. पण हे भोक मोकळं आणि फिरकी सैल असताना. फिरकी रुतत असेल तर दाब हटवणं आधी. यातलं आपलं प्रकरण कोणतं हे फोटोवरून ठरत नाही, डॉक्टरांनी बघून ठरवावं लागतं.

काढलं आणि भोक बुजलं तर?

नवं भोक लवकर बुजतं, कधी एका दिवसात. मग काय? कान पूर्ण बरा झाल्यावर पुन्हा टोचता येतो. फाटलेली पाळी जोडायला शस्त्रक्रिया लागते. ‘भोक बुजेल’ या धास्तीने सुजलेल्या पाळीत कानातलं आवळून ठेवणारी माणसं पाहिली की मला हात जोडावेसे वाटतात.

सोन्याचं आहे, मग त्रास कसा?

शुद्ध सोनं सहसा त्रास देत नाही, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. २२ कॅरेटमध्ये सुमारे ९१.६ टक्के सोनं, १८ कॅरेटमध्ये ७५. बाकीचं तांबं, चांदी, जस्त आणि काही पांढऱ्या सोन्यात निकेल. शिवाय पुढचा भाग एका धातूचा आणि फिरकी दुसऱ्याच, असंही असतं. निकेलची ॲलर्जी जगभर इतकी आढळते की युरोपीय संघाने १९९४ साली त्यावर नियम आणला. टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून आता तिथे आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून कमीच निकेल सुटायला हवं. ॲलर्जीची खूण म्हणजे खाज. लाली, लस, भेगा ॲलर्जी आणि संसर्ग दोन्हींत दिसतात, पण संसर्ग दुखतो आणि ॲलर्जी खाजते. अर्थात खाजवून खाजवून ॲलर्जीचा संसर्ग होऊही शकतो.

मग लहानपणी टोचूच नये का?

ते घरोघरचं ठरवणं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं की काळजीपूर्वक केलं तर कोणत्याही वयात धोका फारसा नाही, पण मूल स्वतः निगा राखू शकेल तोवर थांबलेलं बरं. मला त्यातला दुसरा अर्धा पटतो. ‘टोचतंय’, ‘घट्ट झालंय’ असं ज्याला सांगता येतं त्याच्या कानात फिरकी आठवडाभर गुपचूप रुतत नाही. टोचलेलंच असेल तर पाळी आणि फिरकी यांच्यामध्ये नखाची कड जाईल एवढी फट नेहमी असू द्या. ‘पडेल’ म्हणून शेवटचा अर्धा फेरा आवळला जातो तोच पुढे नडतो.

निघाल्यावर

सगळ्यात आधी मोजा. खडा, दांडी, फिरकी, तिन्ही हाताशी आहेत? एखादा तुकडा सापडेना आणि मूल खोकू लागलं, घरघर ऐकू आली, लाळ गळू लागली किंवा गिळायला त्रास होतोय असं दिसलं, तर तडक रुग्णालय गाठा. धातू एक्स-रेत दिसतो, त्यामुळे शोधणं अवघड नसतं.

रक्त आलं असेल तर स्वच्छ गॉजने पाच मिनिटं दाबून धरा, दर अर्ध्या मिनिटाला उचलून न बघता. मग सलाइनने पुसून कोरडं करा. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही कान शेजारी शेजारी बघा. लाली, सूज, दुखणं कमी होत जायला हवं. वाढत असेल तर दाखवा. लगेच दुसरं कानातलं चढवू नका.

काढलेलं कानातलं डबीत टाकण्याआधी कानाबाहेर एकदा जोडून बघा. कानाबाहेरही जी फिरकी कुरकुरते ती पुन्हा कानात जाता कामा नये.

आमची फिरकी त्या रात्री हातमोजे चढवल्यावर तिसऱ्या पाव फेऱ्याला सैल झाली. भाची झोपल्यावर आम्ही ती दिव्याखाली धरली. आट्यांत एक लांब केस चार वेढे घेऊन बसला होता, वर वाळलेल्या साबणाचं पांढरं पुट. केस बहिणीचा की भाचीचा यावर थोडी चर्चा झाली. तो काढला, जुन्या टूथब्रशने आटे घासले, आणि फिरकी दांडीवर ठेवून टिचकी मारली. एका टिचकीत टोकापर्यंत फिरत गेली.